टेनिस एल्बो: इंजेक्शन घेण्याआधी बारा आठवडे काय करायचं

उकळत्या दुधाचं पातेलं पकडीने उतरवताना कोपराच्या बाहेरच्या हाडापाशी कळ येते आणि पातेलं हातातून सुटतंय की काय असं वाटतं. ओला टॉवेल पिळताना, घट्ट कुलपात किल्ली फिरवताना, कुणाशी हात मिळवताना तीच कळ पुन्हा येते. हात नुसता मांडीवर ठेवला तर फारसं दुखत नाही. हा टेनिस एल्बो. नाव टेनिसचं असलं तरी दुखणं घेऊन येणाऱ्या बहुतेकांनी रॅकेट कधी हातात धरलेली नसते. पस्तिशी ते पंचावन्न या वयात तो जास्त दिसतो. रोज वीस-पंचवीस पोळ्या लाटणाऱ्या बायका, थापी चालवणारे गवंडी, रंगारी, सुतार, दिवसभर माऊस धरून बसणारे लोक, सगळ्यांना तो होतो.

उपचार निवडायचा तर आधी दुखतं नेमकं काय हे समजायला हवं, कारण चुकीचे उपचार चुकीच्या समजुतीतूनच येतात. कोपराच्या बाहेरच्या बाजूला हाडाचा एक उंचवटा हाताला लागतो. मनगट मागे उचलणारे स्नायू तिथे एका जाड दोरीने, म्हणजे कंडरेने, हाडाला बांधलेले असतात. आपण मूठ आवळतो तेव्हा बोटं वाकवणारे स्नायू मनगटालाही आत ओढतात. मनगट सरळ राहावं म्हणून वरच्या बाजूच्या स्नायूंना तेवढ्याच जोराने ताण धरावा लागतो. म्हणजे आपण काहीही घट्ट धरलं की भार या उंचवट्यावर येतो, मनगट हललेलं दिसो वा न दिसो. तळवा खाली आणि कोपर सरळ असेल तर तो सगळ्यात जास्त येतो. पकडीने पातेलं उचलण्यात या तिन्ही गोष्टी एकत्र येतात, म्हणून ते काम सगळ्यात आधी दुखायला लागतं.

दुखणं जुनं झालं की त्या कंडरेत सूज फारशी उरलेली नसते. सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात ते विस्कटलेले, नीट न भरलेले तंतू. सूज आणणाऱ्या पेशी जवळजवळ सापडत नाहीत. सूज उतरवणाऱ्या गोळ्यांनी कळ दबते पण मूळ दुखणं जागचं हलत नाही, त्याचं कारण हे. तिथे उणीव पडली आहे ती भार पेलण्याच्या ताकदीची, आणि ती ताकद बेतशीर भार देऊनच परत येते.

हे टेनिस एल्बोच आहे ना, याची घरी करण्यासारखी परीक्षा अशी. बाहेरच्या उंचवट्यावर आणि त्याच्या किंचित पुढे बोटाने दाबा. मग हात समोर सरळ करा, तळवा खाली ठेवा, दुसऱ्या हाताने मधलं बोट खाली दाबा आणि ते बोट वर उचलायचा प्रयत्न करा. शेवटी कोपर सरळ ठेवून एक हलकी खुर्ची पाठीच्या वरच्या कडेला धरून उचलून पाहा. तिन्ही वेळा कळ त्याच उंचवट्यावर आली तर बहुधा निदान झालंच. एक्स-रे यात बहुतेक वेळा साफ येतो. एमआरआयचा सुरुवातीला उपयोग नाही, कारण काहीही दुखत नसलेल्या माणसांच्या कोपरातही त्यात खराबी दिसू शकते.

काही खुणा मात्र वेगळ्या दुखण्याच्या असतात आणि त्या असतील तर व्यायाम सुरू करण्याआधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. बोटांना मुंग्या किंवा बधिरपणा आणि मान वळवली की हातात उतरणारी कळ, हे मानेच्या शिरेचं असू शकतं. उंचवट्यापासून तीन-चार बोटं खाली, स्नायूच्या आत खोलवर आणि रात्रीसुद्धा ठणकत असेल तर तिथून जाणारी शीर दबली असण्याची शक्यता असते. कोपर अडकणं, सांधा गरम होऊन सुजणं, ताप, पडल्यानंतर हात सरळ न होणं, यांपैकी काही असेल तर थांबूच नका. आणि कळ कोपराच्या आतल्या बाजूला असेल तर तो गोल्फर्स एल्बो. त्याचे व्यायाम उलट्या दिशेचे असतात.

आता इंजेक्शनबद्दल. "एक सुई घेतली आणि दुसऱ्या दिवशी बरं वाटलं" हे खरं असतं, आणि म्हणूनच ते फसवं आहे. नेदरलँड्समध्ये १८५ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला स्टेरॉइडची इंजेक्शनं, दुसऱ्याला फिजिओथेरपी, आणि तिसऱ्याला फक्त सल्ला देऊन वाट पाहायला सांगितलं. सहा आठवड्यांनी इंजेक्शनवाल्यांपैकी ९२ टक्के लोक बरे झाले होते, फिजिओथेरपीचे ४७ आणि वाट पाहणारे ३२ टक्के. इथेच थांबलं तर कुणीही इंजेक्शनच घेईल. पण वर्षाने तेच आकडे असे झाले: फिजिओथेरपी ९१, वाट पाहणारे ८३ आणि इंजेक्शन ६९ टक्के. म्हणजे ज्यांनी काहीच केलं नाही तेही इंजेक्शन घेणाऱ्यांच्या पुढे गेले. २०१३ साली ऑस्ट्रेलियातल्या १६५ रुग्णांच्या अभ्यासात एका गटाला स्टेरॉइड आणि दुसऱ्याला खोटं, म्हणजे औषध नसलेलं, इंजेक्शन दिलं. बरं वाटल्यावर दुखणं परत येण्याचं प्रमाण स्टेरॉइडच्या गटात ५४ टक्के निघालं आणि खोट्या इंजेक्शनच्या गटात १२ टक्के.

असं का होतं? स्टेरॉइडने कळ झपाट्याने जाते, पण कंडरेचे तंतू तेवढ्यात भरलेले नसतात. उलट स्टेरॉइडने तिथली भरून येण्याची क्रिया मंदावते. दुखत नाही म्हणून माणूस पुन्हा त्याच जोमाने कामाला लागतो आणि दोन-तीन महिन्यांनी दुखणं पहिल्यापेक्षा वाईट होऊन परत येतं. मग दुसरी सुई, मग तिसरी. सुईच्या जागी त्वचा पांढरी पडणं आणि खालची चरबी जाऊन खळगा पडणं, हे सावळ्या कातडीवर जास्त उठून दिसतं. मधुमेह असेल तर पुढचे काही दिवस साखर वाढते, म्हणून मधुमेह असल्याचं डॉक्टरांना आधी सांगायलाच हवं. माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या तीन महिन्यांत स्टेरॉइड घेऊ नये. घेतलं असेलच तर निदान पुढचे दोन आठवडे जड काम टाळा आणि कळ नाही या संधीचा उपयोग व्यायाम हळूहळू वाढवायला करा.

मग करायचं काय? बारा आठवडे, रोज पंधरा-वीस मिनिटं, घरातल्या वस्तूंवर. एक टेबल, एक खुर्ची, कापडी पिशवी आणि डाळ-साखरेच्या अर्ध्या किलोच्या पुड्या एवढं पुरे. वजन म्हणून पाण्याची बाटली धरू नका असं सुरुवातीला मुद्दाम सांगतो. जाड बाटली धरायला मूठ आवळावी लागते आणि तीच आवळणी दुखवते. त्याऐवजी पिशवीचे बंद हाताच्या पाठीवरून, बोटांच्या गाठींच्या थोडे मागे अडकवा. पिशवी तळव्याखाली लोंबते, वजन मनगटावर येतं आणि मूठ मोकळी राहते.

पहिले दोन आठवडे फक्त धरून ठेवायचं. खुर्चीत बसा, कोपर काटकोनात, बाहूचा पुढचा भाग घडी घातलेल्या टॉवेलवर टेबलाला टेकलेला, तळवा खाली आणि मनगट टेबलाच्या कडेबाहेर. पिशवीत अर्ध्या किलोची एक पुडी टाका. मनगट सरळ रेषेत ठेवून तीस ते पंचेचाळीस सेकंद तसंच धरा, मिनिट-दीड मिनिट थांबा, असं पाच वेळा. दिवसातून दोनदा. दुखणं शून्य ते दहा मोजलं तर तीन-चारपर्यंत चालेल. त्याहून जास्त असेल तर पुडी अर्धी करा. कित्येकांना या धरून ठेवण्यानेच कळ थोडी उतरल्याचं जाणवतं.

तिसऱ्या आठवड्यापासून सावकाश खाली सोडायचा व्यायाम, सगळ्यात महत्त्वाचा. बैठक तीच. दुसऱ्या हाताने दुखऱ्या हाताचं मनगट वर उचलून द्या, मग तो हात काढून घ्या आणि दुखऱ्या हाताने वजन चार ते पाच सेकंद मोजत खाली सोडा. पूर्ण खाली गेलं की पुन्हा दुसऱ्या हाताने वर. पंधरा वेळा, एक मिनिट विश्रांती, असे तीन फेरे, दिवसातून एकदा. सगळी मेख त्या पाच सेकंदांत आहे. पंचेचाळीस वेळा भरभर सोडलं तर वजन नुसतंच खाली पडतं, कंडरेला हवा तो ताण मिळत नाही. तिसरा फेरा आरामात जमला आणि दुखणं तीनच्या वर गेलं नाही, असं सलग तीन दिवस झालं की पाव किलो वाढवा.

सातव्या आठवड्याच्या सुमाराला मनगट दुखऱ्या हातानेच वर उचलायला आणि सोडायला लागा, आणि आता वजन मुठीत धरा. फेरे दहा-दहाचे तीन, वजन थोडं जास्त, पण एक दिवसाआड. जमलं की कोपर काटकोनातून हळूहळू सरळ करत न्या, कारण रोजच्या कामात भार सरळ हातावर येतो. याच्या जोडीला हातोडी घ्या. दांडा हातोडीच्या डोक्यापासून जरा लांब धरा, बाहू टेबलावर टेकवा, आणि हातोडी डावीकडे आडवी, मग उभी, मग उजवीकडे आडवी अशी सावकाश फिरवा, पंधरा-पंधरा वेळा. जास्त जड वाटली तर दांडा डोक्याजवळ धरा. खांद्याच्या मागच्या स्नायूंचे व्यायामही इथपासून करावेत. खांदा थकला की सगळं काम मनगट ओढतं.

रबराची पिळायची दांडी मिळते, तिचा उपयोग चांगला होतो. दुखऱ्या हातात दांडी उभी धरून मनगट मागे वळवा, चांगल्या हाताने वरचं टोक धरून दांडीला पीळ द्या, दोन्ही हात समोर सरळ करा आणि मग दुखऱ्या मनगटाने तो पीळ चार सेकंदांत सावकाश उलगडू द्या. रोज पंधराचे तीन फेरे. सगळ्यात मऊ दांडीपासून सुरुवात करा. जाड टॉवेल गुंडाळून हे करता येतं, पण त्याचा विरोध मोजता येत नाही, म्हणून वाढवायचं किती ते कळत नाही.

भार योग्य होता की नाही हे दुसऱ्या दिवशी सकाळी समजतं. व्यायामानंतरची थोडी कळ सकाळपर्यंत नेहमीच्या पातळीवर आली तर ठीक. सकाळी कालच्यापेक्षा जास्त दुखत असेल तर व्यायाम बंद करू नका, वजन एक पायरी खाली आणा. लोक सगळ्यात जास्त चुकतात ते इथे. चौथ्या दिवशी दुखलं की "मला व्यायाम सोसत नाही" म्हणून सोडतात, महिनाभर हात झोळीत घातल्यासारखा जपतात, कंडरा आणखी कमकुवत होते आणि मग दुधाची पिशवीसुद्धा जड लागते. दुसरी चूक मऊ चेंडू दाबण्याची. हा सल्ला सर्रास दिला जातो. चेंडू आवळणं म्हणजे मूठ आवळणं, आणि सुरुवातीच्या आठवड्यांत नेमकं तेच टाळायचं असतं. शेवटच्या महिन्यात चालेल, आधी नको.

व्यायाम चालू असताना हाताचं रोजचं काम बंद करायचं नाही, बदलायचं. वस्तू तळवा वर किंवा अंगठा वर ठेवून, कोपर वाकवून, अंगाजवळ धरून उचला. पातेलं पकडीऐवजी दोन्ही कान फडक्याने धरून दोन्ही हातांनी उतरवा. कपडे पिळायच्या ऐवजी नळाला अडकवून निथळू द्या. कणीक जरा सैल भिजवा आणि अर्धा तास मुरू द्या, म्हणजे लाटताना जोर कमी लागतो. ओटा उंच असेल तर पायाखाली पाट घ्या: खांद्याचा भार लाटण्यावर आला की मनगट सुटतं. विळीवर नारळ खवणं आणि चकलीचा सोऱ्या फिरवणं ही दोन कामं या काळात दुसऱ्या कुणाला तरी द्याच. पेचकस चालवणाऱ्यांनी जाड मुठीचा घ्यावा किंवा मशीन वापरावं. माऊस धरताना मनगट वर उचललेलं राहतं का ते पाहा. बाहू टेबलावर टेकवा आणि माऊस कीबोर्डच्या अगदी शेजारी आणा. दुचाकीची मूठ चावल्यासारखी आवळून धरायची सवय असेल तर तीही सोडवावी लागेल. खेळाडूंसाठी थोडक्यात: रॅकेटच्या तारांचा ताण दोन-तीन पौंड कमी करा, मूठ बारीक असेल तर वर एक पट्टी गुंडाळा, आणि टेनिसमध्ये एकहाती बॅकहँड उशिरा लागत असेल तर तो प्रशिक्षकाकडून सुधारून घ्या.

औषधाच्या दुकानात मिळणारा कोपराचा पट्टा बहुतेक जण चुकीच्या जागी बांधतात, थेट दुखऱ्या हाडावर. तो उंचवट्यापासून दोन बोटं खाली, स्नायूच्या जाड भागावर हवा. तिथे दाब आला की ओढ काही प्रमाणात त्या जागीच अडते आणि उंचवट्यापर्यंत कमी पोचते. एक बोट आत सरकेल इतपतच घट्ट. बांधून मूठ आवळून पाहा. कळ कमी झाली तर जागा बरोबर. नाही झाली तर अर्धा इंच वर-खाली करून पाहा. तरीही फरक नसेल तर पट्टा तुमच्यासाठी नाही, पैसे वाचवा. कामापुरता वापरा, झोपताना काढा, बोटांना मुंग्या आल्या तर सैल करा. त्याने दुखणं बरं होत नाही, तेवढ्या वेळेपुरता हात चालतो.

डायक्लोफेनॅकचा मलम दिवसातून तीन-चार वेळा लावल्याने थोडा आराम पडतो, आणि पोटातल्या गोळ्यांपेक्षा तो केव्हाही बरा. लावल्यावर वरून शेक देऊ नका आणि घट्ट गुंडाळू नका. गोळ्या घ्यायच्याच तर रक्तदाब, मूत्रपिंड किंवा पित्ताचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. बर्फ फडक्यात गुंडाळून दहा मिनिटं किंवा गरम शेक, ज्याने बरं वाटेल ते. मालिश स्नायूच्या मांसल भागावर चालते, पण दुखऱ्या हाडावर अंगठा रोवून तेल जिरवायला गेलात तर दुसऱ्या दिवशी हात उचलवणार नाही.

मशीनचा शेक आणि विजेचे झटके यांवर दहा-दहा बैठका खर्च होतात. फक्त मशीन लावून, व्यायाम न शिकवता घरी पाठवत असतील तर ती फिजिओथेरपी अर्धवट आहे. चांगला फिजिओथेरपिस्ट मुठीची ताकद मोजतो, सांधा हाताने सरकवून धरून मूठ आवळायला लावतो आणि दर आठवड्याला वजन बदलून देतो. शॉकवेव्हचा, म्हणजे मशीनने ध्वनिलहरींचे धक्के देण्याचा, फायदा अभ्यासांत फारसा दिसलेला नाही. स्वतःचं रक्त काढून त्यातल्या प्लेटलेट्स टोचायच्या, हा पीआरपीचा उपाय हजारो रुपये घेतो. २०२१ साली कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास पडताळणाऱ्या संस्थेने तेव्हापर्यंतच्या चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा खोट्या इंजेक्शनपेक्षा त्याचा उपयोग होण्याची शक्यता कमीच, असं निघालं. एवढे पैसे त्यात घालावेत असं मला वाटत नाही.

शस्त्रक्रियेचं नाव निघालं की सचिन तेंडुलकरची आठवण निघतेच. २००४ साली टेनिस एल्बोने त्याला सामन्यांबाहेर बसवलं, २००५ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नागपूरला श्रीलंकेविरुद्ध परतताना त्याने ९३ धावा केल्या. पण जड बॅट घेऊन रोज तासन्‌तास सराव करणाऱ्या माणसाचं कोपर आणि आपलं कोपर यांच्यावरचा भार वेगळा. सहा ते बारा महिने नीट व्यायाम करूनही हात चालत नसेल, तेव्हाच शस्त्रक्रियेचा विचार करावा. तीत कंडरेचा खराब झालेला भाग काढून टाकतात किंवा ती हाडापासून सोडवतात. जड कामावर परतायला त्यानंतरही काही महिने लागतात, आणि तेवढ्या काळात व्यायाम चुकत नाही तो नाहीच. "व्यायाम करून पाहिला" असं सांगणाऱ्यांना मी आधी विचारेन, किती आठवडे आणि शेवटी किती वजन? उत्तर "दहा दिवस, नुसता हात हलवला" असं असेल तर अजून उपचार सुरूच झालेला नाही.

व्यायाम आणि वेळ, दोन्ही मिळून बहुतेकांचा हात वर्षभरात बरा होतो. पण टेनिस एल्बो दिवाळीच्या फराळात, घर रंगवताना किंवा सामान हलवताना पुन्हा डोकं वर काढू शकतो. अशा वेळी पहिल्या पायरीवर परत या: दोन-तीन दिवस अर्धा किलो नुसता धरून ठेवा, मग पुन्हा सावकाश सोडणं. बरं झाल्यावरही तो सोडण्याचा व्यायाम आठवड्यातून दोनदा चालू ठेवा, आणि चकल्या करायच्या असतील तर दसऱ्यापासूनच वजन थोडं वाढवायला घ्या.